पाकोळ्या आल्या का

सावरवाडी, पो. पोलादपूर, जि. कुलाबा
८ फेब्रुवारी १९६८

अहो,

नमस्कार घातला असं समजा. तुम्हाला आधी पाखरांची खबर लागते आणि मग बायकोची, हे मला आता पाठ झालंय. तर घ्या. वरच्या अंगाच्या सावरीला फुलं आलीत आणि परवा सकाळी भोरड्या उतरल्या. काय तो कलकलाट! शेजारची रंगूकाकू डबा घेऊन बडवत बसली. तिच्या परसात त्यांनी खावं असं काही नाही, पण बडवायची हौस. नदीच्या गोट्यांमधून धोबी अजून शेपट्या हलवत फिरताहेत, गेले नाहीत. घाटाकडच्या तारेवर नीलपंख दिसला. पावशाचा अजून आवाज नाही. पाकोळ्या नाहीत.

ह्या शेवटच्या दोन शब्दांवर आपलं घर अडून बसलंय.

मार्गशीर्षात त्या पहाटे कोयनेकडून जमीन हलली, त्याला दोन महिने होतील. तुम्ही तेव्हा धावत आलात, सासूबाईंना खळ्यात पेंढ्याच्या मांडवाखाली निजलेलं पाहिलंत आणि म्हणालात, आठ दिवसांत भीती जाईल. कसली जातेय! थाळी पडली तरी मी अजून दाराबाहेर पोचलेली असते, मग त्यांचं काय सांगू. बाकीची वाडी केव्हाच आपापल्या घरात गेली. ह्या एकट्या बाहेर. दवानं वाकळ पिळून काढावी अशी भिजते. खोकला असा की ऐकणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात. आणि त्या बाहेर असताना मी आत कशी निजणार? मीही मांडवात, त्यांच्या पायथ्याशी.

काल न राहवून विचारलं, “सासूबाई, आत कधी यायचं?”

म्हणाल्या, “पाकोळ्या येतील तवा.”

पडवीतल्या तुळईवर मातीचं घरटं आहे ना, तुम्ही लहानपणापासून बघत आलात, ते. दिवाळीनंतर पाकोळ्या जातात आणि शिमग्याच्या आगेमागे परततात. सासूबाईंचं म्हणणं असं, की जमीन हलली तेव्हा त्या इथं नव्हत्या, आता येऊन घर बघतील. “आढ्यात जीव नसंल तर पाकोळी चिखल लावाय नाय बसायची. मानूस चुकंल, ती नाय चुकायची.” 

आणि ऐका, घाबरू नका. परवा गोठ्यामागं वाघराचे ठसे होते, मांडवापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या हातातली घागरच खाली पडली. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, “वाघरू काय भिंत पाडतंय?”

काहीतरी लिहा. तुमचं ऐकतील.

तुमची
आवडी

मुंबई
१७ फेब्रुवारी १९६८

चि. सौ. आवडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी भरल्या ताटावरून उठलो. वाघरू! आणि ते तू भोरड्या, धोबी, खोकला सगळं झाल्यावर अगदी शेवटी, घाबरू नका म्हणून लिहितेस? खोलीतल्या सोबत्यांना वाचून दाखवलं. सयाजी म्हणाला, उद्याची गाडी पकड. पण गोदीत बोटींची रांग लागलीय. रजेचं नाव काढलं की मुकादम अंगावर येतो.

आईला माझ्या नावानं एवढं वाचून दाखव. आई, तू घर पाखरांच्या नावावर केलंस काय? भूकंपानं अख्खी वाडी हादरली, पण माणसं परत घरात गेली ना? पाकोळी म्हणजे मुठीएवढा जीव. चिखल चिकटवायला जागा मिळाली की तिचं काम झालं. भिंत भरीव की पोकळ, हे तिला कोण सांगणार? इथं गोदीत पत्र्याच्या शेडला चिखल लावतात त्या, आणि तो पत्रा जोराचा वारा आला की उडतो. असल्या पाखराच्या भरवशावर तू थंडीत मरायला बसलीस, मला हसावं की रडावं कळेना.

हे ऐकून ती चिडेल. चिडू दे.

हैदरला महाडला चिठ्ठी धाडलीय. माझ्याबरोबर शाळेत होता तो, तुला माहीत आहे, आता गवंडीकाम करतो. तिकडं बिरवाडीपर्यंत त्याला मागणी आहे. तो येऊन भिंत बघेल. त्यानं ठीक म्हटलं तर त्याच दिवशी आईला आत ने. नाही आली तर उचलून ने.

बंदरावर कुरव पाखरं अजून आहेत, पण त्यांची पांढरी डोकी तपकिरी व्हायला लागलीत, म्हणजे त्यांचे जायचे दिवस आले. दरवर्षी ह्या दिवसांत मला वाटतं, निघणाऱ्याबरोबर आपणही निघावं. असो. जिवाला जप.

तुझा
पांडू

सावरवाडी
२६ फेब्रुवारी १९६८

अहो,

हैदरभाई येऊन गेले. काय झालं ते ऐका.

पडवी आणि माजघर यांच्यामधली भिंत आहे ना, तीच तुळई पेलते. तिची चीर मला बोटभर वाटत होती. मी वरून शेणमातीनं सारवून टाकलेली. हैदरभाईंनी ते सारवण खरवडलं आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला!  इतके दिवस मी त्याच भिंतीला पाठ लावून भाकरी थापत होते.

ते म्हणाले, “वहिनी, घाबरू नका. तुळईला सागाचा टेकू देतो, मग आत निजायला हरकत नाही. पण पावसाच्या आत भिंत पाडून नवी घातली पाहिजे. त्यासाठी तुळई उतरवावी लागेल.”

तुळई उतरवायची म्हणजे घरटं गेलं. हे कानावर पडलं मात्र, सासूबाई मांडवातून उठून तरातरा आल्या आणि थेट तुळईखाली उभ्या राहिल्या. “पाकोळ्या येऊन बघून जाऊदेत. मग पाड काय पाडायची ती.”

“मावशी, त्या आल्या की अंडी घालणार. मग तुम्हीच म्हणाल आता नको.”

“मग दिवाळीत पाड.”

“आणि भिंतीनं दिवाळीपर्यंत वाट नाही बघितली तर?”

“ती बघनार का नाय, ह्येच तर पाकोळ्या सांगनार! तुला कळत कसं नाय रं?”

हैदरभाईंनी कपाळावर हात मारला. टेकू देऊन गेले. जाताना मला हळूच म्हणाले, टेकू धरेल, बाहेरच्या दवापेक्षा आत बरं. पण ऐकतंय कोण? “टेकू मानसानं लावलाय,” एवढं बोलून सासूबाई परत मांडवात.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं, चेहरा उतरला, आणि म्हणाल्या, “पांडूला मुंबय चढली.” 

काल खोकताना रक्त पडलं. त्यांनी पदराखाली लपवलं, मी पाहिलं. तुम्हाला कसं कळवू तेच समजेना.

पावशा ओरडायला लागला. भोरड्या आहेत. पाकोळ्या नाहीत, नाहीत, नाहीत. रोज सकाळी मी देवाच्याही आधी तुळईकडं बघते.

आवडी

मुंबई
४ मार्च १९६८

आवडी,

रक्त! ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, शब्द बदलतोय का म्हणून. रजा मागायला गेलो तर शिमग्याचीसुद्धा मिळत नाही म्हणाले. पाडव्याला बघू म्हणाले.

आता मी सांगतो ते कर. मला नावं ठेवलीस तरी चालेल. आईला सांग, पाकोळ्या आल्या. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, दहा हातांपलीकडचं तिला काय दिसतंय? दिवेलागणीला पडवीत वटवाघळं घिरट्या घालतातच. तिला दाराशी उभी कर आणि म्हण, त्या बघा, आल्या. टेकू धरेल असं हैदर म्हणतो, म्हणजे घर ठीक आहे, फक्त आईला पटत नाही. एका खोट्यानं तिचा जीव वाचत असेल तर ते खोटं माझ्या माथी.

तू म्हणशील, सख्ख्या आईला फसवायला सांगतो. सांगतो! ती तिकडं दवात रक्त ओकतेय आणि मी इथं दुसऱ्यांच्या गोण्या उतरवतोय. दुसरं काय करू, तूच सांग.

काम झालं की एक ओळ टाक.

पांडू

सावरवाडी
१० मार्च १९६८

अहो,

वटवाघळाला पाकोळी म्हणायचं! तुमचं पत्र वाचून मी आधी इकडंतिकडं पाहिलं, माझ्या खांद्यावरून कुणी वाचलं तर नाही ना. असं सुचतं तरी कसं तुम्हाला? मोतीबिंदू डोळ्यांत आहे, कानांत नाही. पाकोळीचा आवाज त्या झोपेत ओळखतील. माझी काय शोभा झाली असती!

पण आता हसू नका. त्या आल्या.

शुक्रवारी तुमचं पत्र आलं आणि शनिवारी सकाळी पाकोळ्या हजर, जणू तुम्हीच मुंबईहून तिकीट काढून धाडल्यात. मी गोठ्यात शेण भरत होते. सासूबाई खोकता खोकता थांबल्या, हात वर केला, “आवडे, गप! ऐक.” मी तशीच शेणाच्या हातांनी पडवीत धावले. तुळईवर दोघी बसलेल्या. निळीकाळी पाठ, दुभंगलेली शेपटी, आणि त्यांची ती बारीक किचकिच.  मी तर आशाच सोडली होती हो!

सासूबाई मागून विचारताहेत, “बसल्या का? कुठं बसल्या? चोचीत चिखल हाय का गो?” दुपारी पाकोळ्या नदीवरून चिखल घेऊन आल्या आणि घरट्याच्या तोंडाशी लावला. ते सांगितलं तेव्हा सासूबाई उठल्या. माझ्याकडून पडवीच्या खांबाला हळदकुंकू लावून घेतलं, आपली वाकळ आपणच उचलली आणि माजघरात गेल्या. मी बघतच राहिले. तीन महिन्यांत जे कुणाला जमलं नाही ते असं झालं. रात्री खोकला कमी होता. घरात ऊब असते हो, मी विसरूनच गेले होते.

हैदरभाई टेकू बघायला आले होते, तेही चाट पडले. रंगूकाकू सगळ्या वाडीला सांगत सुटलीय, सुनेच्यानं झालं नाही ते पाकोळ्यांनी केलं. म्हणू दे.

घोर सोडा. पाडव्याला या.

तुमची
आवडी

मुंबई
२२ एप्रिल १९६८

आवडी,

परत येऊन इतके दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि कागद फाडतो. तेराव्यापर्यंत तुझ्यासमोर होतो, तेव्हा तोंड उघडलं नाही. आता उघडतो.

हैदरची तार आली तेव्हा मी पाडव्याला निघायची तयारी करत होतो. ‘आई गंभीर’ एवढंच होतं तीत. घाटाच्या फाट्यावर एस.टी.तून उतरलो तर हैदर उभा, आणि त्याच्या तोंडाकडं बघूनच मला कळलं. मला अजून खरं वाटत नाही. एवढासा हादरा, लोक सांगतात, रंगूकाकूची भांडी वाजली तेवढाच. वाडीत दुसऱ्या कुणाचं कौल हललं नाही. आपला टेकू सरकला, भिंत माजघरात आली आणि आई तिच्याखाली. भर दुपारी. जिथं पाऊल टाकायला ती तयार नव्हती, त्या जागी.

मी तिथं इतके दिवस राहिलो, पण एकही पाकोळी पाहिली नाही. मोडलेल्या तुळईला अर्धं घरटं चिकटलेलं होतं. हात लावला तर भुगा झाला. कोरडं, जुनं.

आणि दहाव्याला काय झालं ते तू पाहिलंस. नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेले होते, खाली एक येईना. घर बांधीन म्हणालो, आवडीला सांभाळीन म्हणालो, हैदरवर राग धरणार नाही म्हणालो. ऊन डोक्यावर आलं. लोक माझ्याकडं बघायला लागले. मग मी मनातल्या मनात म्हणालो, आई, पाकोळ्यांचं ते खोटं मी सांगायला लावलं, आवडीचा दोष नाही. आणि कावळा उतरला. त्याच क्षणी, आवडी! डोळे उघडले तर तो पिंडावर. तेव्हापासून मला धड झोप नाही.

पाकोळ्या खरंच आल्या होत्या का? की मी सांगितलं म्हणून तू म्हणालीस? ‘आता हसू नका’, ‘तिकीट काढून धाडल्यात’ हे तुझं वाचलं तेव्हाच मी समजलो, काम झालं. आणि खरं सांगू, मला तेव्हा बरं वाटलं होतं. बोटीवर गाणं म्हणत होतो मी त्या दिवशी.

काय ते खरं लिही. मी तुला काही म्हणणार नाही.

पांडू

सावरवाडी, रंगूकाकूच्या घरून
३० एप्रिल १९६८

अहो,

तुमचं पत्र मी काकूच्या पडवीत उभ्यानंच वाचलं. रंगूकाकू धावत आली, म्हणाली, “आनखी कोन गेलं गो?” एवढं माझं तोंड पांढरं पडलं होतं.

मी सासूबाईंना फसवून आत नेलं, असं वाटलं तुम्हाला? आणि हे पोटात ठेवून तेराव्यापर्यंत माझ्या हातचं जेवलात?

आल्या होत्या. खरंच आल्या होत्या. त्यांनी चिखल लावला होता तो घरट्याच्या तोंडाशी. तेवढा भाग भिंतीबरोबर खाली आला. मातीत माती, तुम्हाला कुठून दिसणार? आणि घर कोसळल्यावर पाखरू तिथं तुमची वाट बघत बसेल का? मी पाणवठ्यावरून धावत आले तेव्हा सगळीकडं धूळ होती आणि त्या दोघी त्या धुळीत घिरट्या घालत होत्या, आपली तुळई शोधत. मी नखांनी माती उकरत होते, सासूबाईंना हाका मारत होते, आणि त्या माझ्या डोक्यावरून ओरडत होत्या. मग निघून गेल्या. हे तुम्ही इथं होतात तेव्हा मी बोलले नाही, कारण ते तोंडातून बाहेरच पडत नव्हतं. आजही पडत नाही, लिहिलं कसं माझं मला माहीत.

हैदरभाईंनीही पाहिल्या होत्या, त्यांना विचारा, असं मी लिहिलं होतं. मग ती ओळ खोडली. ते बिचारे आधीच टेकूच्या विचारानं अर्धे झालेत. आणि नवऱ्यापुढं साक्षीदार उभे करायचे असतील तर मग संसार कशाला म्हणायचं त्याला?

तुम्हाला वाटतं, खोटं सांगितलं म्हणून आई गेली. अहो, खोटं असतं तर बरं झालं असतं! तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या, मी तुमचे पाय धरले असते, जन्मभर रडले असते, पण का झालं ते तरी कळलं असतं. पाखरं खरी होती. त्यांनी घर बघितलं, त्यांना ते आवडलं, त्यांनी चिखल लावला. सासूबाई तीन महिने ज्यांची वाट बघत दवात निजल्या ती आपल्या वेळेवर आली. आणि तरी भिंत पडली. माझ्या डोक्यात हे बसतच नाही. सकाळी जाग येते, क्षणभर सगळं ठीक असतं, आणि मग हे पुन्हा नव्यानं येऊन आदळतं.

आणि कावळा! कावळ्याचं ऐकलंत तुम्ही? सासूबाईंनी पाकोळ्यांवर विश्वास ठेवला तर तुम्हाला हसावं की रडावं कळेना. तुमचं ते पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं होतं, मला विचारा त्यांना काय वाटलं ते. आणि तुम्ही एका कावळ्यावरून बायकोला खोटी ठरवलीत! तो का उतरला सांगू? ऊन सोसेना म्हणून आम्ही सगळे उठून मागं आंब्याच्या सावलीत गेलो. तुम्ही डोळे मिटून हात जोडून बसला होतात, तुम्हाला कळलं नाही. पिंडाजवळ माणूस राहिलं नाही आणि तो आला. भुकेलेला होता बिचारा. मी बघत होते.

माझं म्हणणं एवढंच. हे पुन्हा कागदावर विचारू नका. रजा मिळो न मिळो, या. माझ्यासमोर उभे राहा आणि तोंडानं विचारा, आवडे, पाकोळ्या आल्या होत्या का. मी तुमच्या डोळ्यांत बघून सांगेन. तोवर माझं पत्र येणार नाही.

आवडी